रूथबाईंचा पहिलीत प्रवेश

या, असं जवळ सरकून बसा. त्या खुर्चीवर नको, इथं चटईवर. आधी तुम्हाला जरा रागावून घेते, मग चहा टाकते. शिंगणापूरला येता, शनीला तेल वाहता, रसवंतीवर दोन ग्लास रस पिता आणि गाडी फिरवून चालू पडता. सोनई तिथून केवढी हो लांब? कूस बदलली तर पोहोचाल. पण नाही. आमच्या रूथबाई असत्या तर त्यांनी दारातूनच हाक मारली असती आणि काचा बंद असतानासुद्धा तुमच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला असता.

रूथबाई कोण ते सांगते. आमच्या समोरच्या घरात राहायच्या. चर्चच्या बालवाडीत सगळी हयात गेली, मग रिटायर झाल्या. मालक लवकर वारले, मुलगी लग्न होऊन जामखेडला. घरात त्या आणि आठ-दहा कोंबड्या. अंगानं भरलेल्या, केस पांढरे शुभ्र, पायात काळे कॅनव्हासचे बूट, साडीवर सुद्धा. आणि आवाज! देवानं गळ्यात काय बसवलं होतं कोण जाणे. बाई जामखेडला मुलीशी फोनवर बोलायला लागल्या की आमची गल्ली म्हणायची, आता फोन कशाला, तसंच ऐकू जाईल.

बोलायला सुरुवात करताना नेहमी म्हणायच्या, "मी काही बोलत नाही." की समजायचं, अर्धा तास गेला. आणि जन्मभर पोरांच्या पाट्या तपासल्यामुळं जगातल्या सगळ्या गोष्टींना दहापैकी मार्क द्यायची खोड. लग्नाचं जेवण, पाच. पाळकांचं प्रवचन, साडेसहा. माझा चहा, सहा. एकदा मी मुद्दाम वेलदोडा, आलं, सायीचं दूध, सगळं घालून दिला. बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले. म्हणाल्या, "सहा. प्रयत्न चांगला."

आता आमची शरू. शर्वरी, माझ्या थोरल्याची मुलगी. गोरीपान, मोठाले डोळे, आणि साडेतीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. हाक मारली तर वळून बघायची नाही, पण शेजारच्या गल्लीत कुल्फीवाल्याची घंटी वाजली की दोन्ही कान दाबून घ्यायची. दारातल्या सगळ्यांच्या चपला घ्यायच्या आणि एका ओळीत लावायच्या, हा तिचा खेळ. कुणी त्यातली एक उचलून पायात घातली की आकाशपाताळ एक. माझ्याकडे आलेली पाहुणेमंडळी चपला मोकळ्या होईपर्यंत थांबायची, म्हणजे रात्रीचं जेवूनच जायची.

गावात सल्ल्याला काय तोटा? कुणी म्हणालं, वेखंड उगाळून जिभेला लावा. कुणी म्हणालं, तिचा बाप पण उशिराच बोलला. माझी सून मनीषा सगळ्यांचं ऐकायची आणि रात्री उशी ओली करायची. अशात एका सकाळी रूथबाई दारात.

"मी काही बोलत नाही," बाई म्हणाल्या, "पण पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की पोर बोलायला लागतं. मी व्यवस्था केलीय."

"बाई, तुम्ही शिकलेल्या ना हो?" मी म्हटलं.

"शिकलेलीच आहे. म्हणून पेरू धुऊन आणलाय."

व्यवस्था म्हणजे बांगड्या भरणाऱ्या चांदभाईंचा पोपट. चांदभाई पिंजरा घेऊन ओट्यावर येऊन बसले. पोपट एरवी 'बांगडी घ्या, बांगडी घ्या' म्हणून बाजार डोक्यावर घ्यायचा. बाईंनी पेरू पिंजऱ्यात सरकवला आणि म्हणाल्या, "खा!"

पोपट कोपऱ्यात गेला.

"अरे खा म्हणते ना! हे बघ, असं!" म्हणून बाईंनी पेरू बाहेर काढला, स्वतः कचकन एक घास तोडला आणि पोपटाला चावून दाखवला. पोपटानं पाठ फिरवली. चांदभाई म्हणाले, "बाई, जरा हळू बोला, घाबरलाय तो." तेवढ्यात शरू कुठून आली कळलं नाही. तिनं बाईंच्या हातातला पेरू काढून घेतला आणि शांतपणे खाऊन टाकला. बियांसकट.

चांदभाई हात जोडून म्हणाले, "भाभी, आता ही पोर बोलली तर रूथबाईंच्या आवाजात बोलेल. गावाचं काय होईल?"

पोपट मात्र पुढं आठवडाभर मुका झाला होता म्हणे.

शरू काही बोलली नाही. शेवटी अंगणवाडीच्या ताईंनीच मनीषाला बाजूला घेऊन सांगितलं, की नगरला डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. मुलगा माझा ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर, त्याला सुट्टी नाही. मग मनीषा, शरू, मी आणि न बोलावता रूथबाई, अशी वरात एसटीनं नगरला. डॉक्टरांनी खूप वेळ घेतला. शरूला ठोकळे दिले, बाहुली दिली, नुसतं बघत बसले. मग सांगितलं, स्वमग्नता आहे. ऑटिझम. हा आजार नाही की औषधानं जाईल. मेंदूची घडणच वेगळी आहे, पण आत्तापासून हात दिला तर पोरगी शिकेल, शाळेत जाईल, तिच्या पद्धतीनं पुढं जाईल.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आठ. दोन मार्क अक्षराचे कापले."

मनीषाला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. स्टँडच्या बाकड्यावर बसून म्हणाली, "बाई, शाळेत कोण बसवून घेईल हो हिला? घंटा वाजली की पळेल. पोरं ओरडली की पळेल. माझी पोर घरातच राहणार का?"

रूथबाईंनी पहिल्यांदा 'मी काही बोलत नाही' म्हटलं आणि खरंच काही बोलल्या नाहीत. नुसत्या तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मग भेळ आणायला गेल्या.

दर शनिवारी थेरपीला जायचं ठरलं. थेरपीच्या ताई तरुण, जीन्स घातलेली मुलगी, पण काय धीर होता तिच्यात! ती शरूला चित्रं दाखवायची. पाण्याचं चित्र, जेवणाचं चित्र, 'थांब'चं चित्र. पहिल्याच दिवशी बाईंनी आपल्या परीनं मदत केली. "शर्वरी! ताईंकडे बघ!" म्हणाल्या. शरू कान दाबून टेबलाखाली.

ताई म्हणाली, "आजी, एक सांगू का? तिला तुमचा राग नाही येत. तुमचा आवाज तिला खुपतो. कुणी तुमच्या डोळ्यांत बॅटरी मारली तर कसं होईल, तसं."

बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. बालवाडीची किती तरी पोरं हाताखालून गेली, कुणाची ही टाप झाली नव्हती. परतीच्या एसटीत घोडेगाव आलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुसुमताई, माझा आवाज मोठा आहे?"

पुढच्या सीटवरचे चार लोक वळून म्हणाले, "हो."

तिथून बाईंनी हळू बोलायचं मनावर घेतलं. सोपं होतं का ते? आधी कोंबड्यांवर सराव केला. संध्याकाळी अंगणात उभ्या राहून कुजबुजल्यासारखं 'या, या' करायच्या. एकही कोंबडी फिरकायची नाही. अंधार पडायला लागला की बाईंचा धीर सुटायचा, एक हाक जायची आणि स्वतःच्या कोंबड्यांबरोबर शेजाऱ्यांच्यासुद्धा येऊन उभ्या राहायच्या. नाताळच्या भक्तीला त्यांनी मला बोलावलं होतं. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत होते, चर्च कसं निवांत. बाईंनी माझ्या कानाला लागून, त्यांच्या मते अगदी हळू, सांगितलं, "कुसुमताई, मी चष्मा घरी विसरले."

पाळकसाहेबांनी डोळे न उघडता म्हटलं, "कुणीतरी बाईंचा चष्मा आणून द्या, मग आपण पुढं जाऊ."

बाईंना हळू बोलायला शिकवलं ते शेवटी आमच्या कॉटनं.

शरूचं पाचवं चालू होतं. संक्रांतीनंतर आम्ही तिचं बोरन्हाण केलं. मनीषा नको म्हणत होती, पण माझीच हौस. काळं झबलं, हलव्याचे दागिने. ते टोचरे दागिने शरूनं दोन मिनिटांत काढून पाटाभोवती ओळीत लावले. तिथवर ठीक. मग गल्लीतली पोरं जमली. बोरं, चुरमुरे, रेवड्या, गोळ्या शरूच्या डोक्यावरून ओतायच्या आणि पोरांनी तुटून पडून लुटायच्या, ही रीत. पहिलं माप पडलं मात्र, पोरांनी जो गिल्ला केला! शरूचा चेहरा पांढरा पडला. रूथबाईंना ते दिसलं. त्यांना त्या पोरीची इतकी दया आली, की त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळा दम एकवटून ओरडल्या,

"शांऽऽत बसा!"

पोरं गार. माझ्या हातातलं माप पडलं. आणि शरू सरळ लोखंडी कॉटच्या खाली, भिंतीला टेकून, कान दाबून.

बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मीच घालवलं," म्हणाल्या, आणि आम्ही काही म्हणायच्या आत, सत्तरीच्या बाई, कॅनव्हासच्या बुटांसकट, पोटावर झोपून कॉटखाली सरकल्या. अर्ध्या गेल्या आणि अडकल्या. वरून कॉटची पट्टी, खालून फरशी, मधे रूथबाई. बाहेर फक्त बूट.

"बाई, ओढू का?" मी विचारलं.

"नको," आतून आवाज आला. आणि तो आवाज कसा, तर पिठाच्या चाळणीतून आल्यासारखा. पाठीवर कॉट असल्यामुळं दमच पुरत नव्हता ना! आम्ही सगळे फरशीवर वाकून बघतोय. बाई त्या चाळलेल्या आवाजात म्हणत होत्या, "बोर. शरू, बोर." एवढंच. जवळ पडलेलं एक बोर पुढं करायच्या. बऱ्याच वेळानं शरूनं एक कान सोडला. मग दुसरा. बोर घेतलं, फरशीवर ठेवलं. बाईंनी दुसरं दिलं, तिनं पहिल्याशेजारी ठेवलं. अशी कॉटखाली बोरांची रांग लागली. आणि मग शरूनं एक बोर उचललं, बाईंच्या तोंडात घातलं आणि म्हणाली,

"बो."

मनीषानं तिथंच फरशीवर कपाळ टेकलं. पोरं बिचारी इतकी शहाणी, एकानंही आवाज केला नाही. बाईंच्या तोंडात बोर, डोळ्यांत पाणी, आणि हसायला छातीत जागा नाही. शेवटी चांदभाईंना आणि त्यांच्या भावाला बोलावून कॉट उचलली तेव्हा बाई निघाल्या. पाठीवर पट्टीचा वळ महिनाभर होता. तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या.

त्या दिवसापासून शरूजवळ आलं की बाई पोट आत ओढायच्या, खांदे पाडायच्या, म्हणजे कॉटखाली असल्यासारख्या व्हायच्या, आणि तोच चाळणीचा आवाज बरोबर यायचा. तिच्यापासून दहा पावलं लांब गेल्या की श्वास सोडून पुन्हा पहिल्यासारख्या.

मग आली पहिली. आमची झेडपीची शाळा. हेडसर भला माणूस, पण घाबरट. म्हणाले, "प्रवेश देणार, त्यात प्रश्नच नाही. पण मुलाणी मॅडमकडे वर्गभर पोरं. ही बसलीच नाही तर काय करायचं?" तालुक्याहून एक विशेष शिक्षिका यायच्या. त्यांनी मनीषाला नीट वाट घालून दिली. उन्हाळ्यात वर्ग रिकामा असतो, तेव्हा शरूला रोज थोडा वेळ नेऊन बसवा. खिडकीजवळची एकच जागा तिची ठरवा. मुलाणी मॅडमचा फोटो घरात लावा. घंटेऐवजी तिला 'सुट्टी'चं चित्र दाखवू. मुलाणी मॅडम स्वतः सुट्टीत येऊन तिच्याशेजारी नुसत्या बसायच्या, गव्हातले खडे निवडत. मे महिन्याच्या उन्हात मनीषा, शरू आणि छत्री धरून रूथबाई, अशा तिघी रोज शाळेत. मनीषा म्हणायची, "आई, पहिल्या दिवशी बसली तर बसेल. पहिल्या दिवशी घाबरली तर शाळेचं नाव काढू देणार नाही ही." मला ठाऊक होतं, शरू एकदा जे ठरवते ते ठरवते.

सगळं जुळून आलं होतं. आणि रूथबाईंनी घोळ घातला.

आमच्याकडे शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या पोरांची मिरवणूक काढतात. ट्रॅक्टरची ट्रॉली सजवायची, फुगे, पताका, पोरांच्या डोक्यावर कागदी मुकुट, पुढं हलगी. शाळेच्या बैठकीत हेडसर चाचरत म्हणाले, "शर्वरीला ट्रॉलीत नको बसवायला." झालं! बाई उसळल्या. "का? ती पोर नाही? इतरांना हलगी आणि तिला मागचं दार? तिला सगळ्यांच्या पुढं बसवा, नावाची पाटी लावून!" असा आवाज चढवला की बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई विजयी मुद्रेनं घरी आल्या, आम्हाला मार्क सांगितले, स्वतःला साडेनऊ.

आदल्या दिवशी विशेष शिक्षिका आल्या. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, हलगी? तिच्या कानाशी?"

रूथबाईंचा चेहरा बघवेना. मायेच्या भरात त्यांना हलगीला आवाज असतो हेच आठवलं नव्हतं.

सकाळी आम्ही सगळे मारुतीच्या पारापाशी. ट्रॉली सजून उभी. पुढं पाटी, 'कु. शर्वरी'. हेडसर घामाघूम. "बाई, तुम्हीच भांडून जागा घेतलीत. आता साहेब येणार तालुक्याहून, प्रत्येक मुलाला गुलाब देणार. पुढचीच जागा रिकामी कशी ठेवू?"

बाई हलगीवाल्याकडे गेल्या. "तू आज वाजवू नकोस."

हलगीवाला म्हणाला, "आवं बाई, वाजवायलाच बोलावलंय न्हवं? मुका बाजा कुनी आनतं व्हय? बाकीची पोरं लई हौसेनं बसल्यात, त्यांनी काय केलंय?"

ते पण खरंच. पोरं फुगे धरून नाचत होती. बाईंनी एकदा पोरांकडे पाहिलं, एकदा गल्लीच्या टोकाला मनीषाचं बोट धरून उभ्या शरूकडे.

"मनीषा, तू हिला मागच्या फाटकानं ने. वर्ग रिकामा आहे तोवर बसव. आम्ही बाजारपेठेतून लांबून येतो," त्या म्हणाल्या. मग हलगीवाल्याला, "शाळेच्या वळणावर बंद करायचं. त्याच्या आधी काय वाजवायचंय ते वाजव." आणि साडी सावरून, चाकावर पाय देऊन, बाई ट्रॉलीत चढल्या. पाटीमागं, पुढच्या जागेवर जाऊन बसल्या.

"बाई, अहो!" हेडसर ओरडले.

"जागा रिकामी नको ना तुम्हाला?"

एका पोरानं आपला जादा मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवला. तो टाळूवरच बसला, लगोरीसारखा. हलगी कडाडली. आणि सोनईच्या बाजारपेठेतून आमच्या रूथबाई सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या मधे बसून, दोन्ही बाजूंना हात हलवत, पहिलीत निघाल्या. दुकानं सोडून माणसं बाहेर आली. चांदभाईंनी बांगड्यांचा ढीग तसाच टाकून टाळ्या वाजवल्या. साहेब ट्रॉलीजवळ आले, गुलाब वाटत वाटत बाईंपाशी थांबले.

"आजी, आपण?"

"नवीन प्रवेश," बाई म्हणाल्या आणि हात पुढं केला. साहेबांनी गुलाब दिला. दुसरं करणार काय?

मी मात्र मागच्या वाटेनं मनीषाबरोबर गेले होते. गुलाबाचं नंतर ऐकलं. वर्गात गारवा होता. शरू आपल्या जागेवर जाऊन बसली. मुलाणी मॅडम तिच्या शेजारी खडू ओळीत लावत होत्या. लांबून हलगी यायला लागली. शरूची मान वर झाली. मनीषानं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. हलगी आणखी जवळ आली, आणि वळणावर थांबली. पोरं हळूहळू आत आली, प्रत्येकाच्या तोंडावर बोट. हे बाईंनी ट्रॉलीतच शिकवलं असणार. शरूच्या आजूबाजूला वर्ग भरला.

आणि खिडकीत रूथबाई उगवल्या. डोक्यावर मुकुट, पोट आत, खांदे पाडलेले, श्वास रोखलेला. त्यांना नुसतं बघायचं होतं, पोर बसलीय का.

शरूनं त्यांना पाहिलं. उठली. मनीषा पुटपुटली, "गेलं. आता बाईंकडे पळणार."

शरू खिडकीशी गेली. बाईंच्या तोंडाकडे बघितलं, मुकुटाकडे बघितलं. मग खिडकीची दारं ओढून बाईंच्या नाकासमोर लावून घेतली, आणि जागेवर येऊन बसली.

मी धावत बाहेर गेले. म्हटलं बाईंना लागलं असेल मनाला. तर बाई बुटांचा आवाज न करता, चवड्यांवर, मुकुट सांभाळत मैदान ओलांडून चालल्या होत्या. फाटकाबाहेर गेल्या, रस्ता ओलांडला, पार उसाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मग श्वास सोडला.

"हाकललं मला!" ती हाक शिंगणापूरपर्यंत गेली असेल. "कुसुमताई, हाकललं मला पोरीनं! तिला शाळा आहे! मला हाकललं!"

आणि तिथं, उसाच्या कडेला, गुलाब हातात घेऊन एकट्याच हसत होत्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. त्याच दुपारी मला डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला नेलं. मी पट्टी बांधून तिकडं पडले आणि इकडं जामखेडहून मुलगी आली, गुडघे बघून म्हणाली, आता एकटं राहायचं नाही. कोंबड्यांसकट घेऊन गेली. मी आले तर समोरच्या दाराला कुलूप.

शरू आता दुसरीत आहे. थोडं बोलते. नको ते बोलत नाही, हे मला आवडतं. वर्गात आपल्या जागेवर बसते. एखादा दिवस वाईट जातो, त्या दिवशी मुलाणी मॅडम गहू निवडायला घेतात.

तर आता उठू नका लगेच, चहा झालाय. आणि पुढच्या वेळी असं बाहेरच्या बाहेर नाही जायचं, लवकर या. तुमच्याकडं असं लेकरू असेल तर त्याला घेऊन या, आमच्या चपला मोकळ्याच आहेत. आणि येताना जामखेडवरून वाट काढता आली तर बघा. रूथबाईंना गाडीत घालून आणा. पत्ता विचारावा लागणार नाही, गावात शिरल्यावर गाडी थांबवा आणि जरा कान द्या.